स्फटिकातील खोट आणि जड इलेक्ट्रॉन

लग्नाची वरात असो, तमाशाचा फड असो की रात्रीचे कीर्तन असो, गॅसबत्तीशिवाय जेव्हा चालत नसे त्या काळाची आठवण तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. बत्तीच्या आत एक पांढरी जाळीची पिशवी बांधावी लागे. ती एकदा पेटली की तिची राख होई, आणि मग ती राखच डोळे दिपवणारा उजेड देई. ही राख साधी नव्हे. तिच्यात शेकडा नव्याण्णव भाग थोरियम या धातूचे भस्म असे आणि फक्त एक भाग सीरियम या धातूचे. एकट्या थोरियमची जाळी केली तर उजेड अगदी फिका पडतो. शंभरात एक भाग सीरियम पडले की मात्र वरात उजळून निघते.

हे सीरियम आपल्याला तसे परके नाही. सिगारेटच्या लायटरमधल्या ज्या बारीक खड्याची ठिणगी उडते त्यात तेच मुख्य असते. केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर जी काळसर वाळू सापडते, तिच्यातल्या मोनाझाइट नावाच्या खनिजात थोरियम आणि सीरियम शेजारी शेजारी नांदतात. दिसायला करडा, मऊ, हवेत लवकर काळवंडणारा असा हा धातू. त्याच्या अणूत एक गंमत आहे. अणूच्या पोटात खोलवर एक इलेक्ट्रॉन असा बसलेला असतो की त्याच्यामुळे तो अणू एखाद्या चिमुकल्या लोहचुंबकासारखा वागतो. हा चुंबक, त्याच्याभोवतीचा विजेचा प्रवाह आणि स्फटिकात राहून गेलेली खोट, या तिघांची गोष्ट आज सांगायची आहे. विषय जरा अवघड आहे, परंतु त्यातली मौज समजायला गणित लागत नाही.

आधी साध्या तांब्याच्या तारेकडे पाहू. तारेतून वीज जाते म्हणजे तारेतले मोकळे इलेक्ट्रॉन एका दिशेने सरकतात. तार त्यांना थोडा अडथळा करते. त्याला आपण रोध म्हणतो. आता हा अडथळा नेमका कशाचा? शाळेत पुष्कळदा असे सांगतात की इलेक्ट्रॉन तांब्याच्या अणूंवर आपटतात म्हणून रोध होतो. मुलांना हे पटते, पण ते खरे नाही. १९२८ साली फेलिक्स ब्लॉख या तरुण शास्त्रज्ञाने गणिताने दाखवून दिले की अणू जर अगदी बिनचूक ओळीत, सारख्या अंतरावर बसलेले असतील, तर इलेक्ट्रॉन त्यांच्यामधून लाटेसारखा विनासायास निघून जातो. अणू असणे हा अडथळा नाहीच. अणूंची ओळ बिघडणे हा अडथळा आहे. शेतात भाताची लावणी दोरी धरून सरळ केलेली असली, म्हणजे सरींतून माणूस न अडखळता चालत जातो, पण रोपे कशीही लावली असली तर पावलोपावली पाय वळवावा लागतो, तसेच हे.

ओळ दोन कारणांनी बिघडते. एक कारण उष्णता. तापलेल्या धातूत अणू आपापल्या जागी थरथरत असतात. तार थंड करत गेलो की थरथर कमी होते आणि रोध उतरतो. दुसरे कारण म्हणजे स्फटिकातली खोट. सोन्यात खोट आहे असे आपण म्हणतो, ते परकी धातू मिसळली म्हणून. स्फटिकातल्या खोटीत तेही आले, आणि आणखीही काही आले. कुठे एखाद्या अणूची जागा रिकामीच राहिलेली असते. कुठे दोन जातींच्या अणूंनी एकमेकांच्या जागा बळकावलेल्या असतात. कुठे अणूंची अख्खी ओळ मध्येच तुटलेली असते. तांबट भांडे ठोकताना ते मधून मधून भट्टीत लालबुंद तापवून घेतो, हे तुम्ही पाहिले असेल. ठोकून ठोकून तांब्यात अशा तुटक ओळींचा गुंता होतो, तांबे ताठर होते, आणि तापवले की तो गुंता पुष्कळसा सुटतो. शिक्षकांनी वर्गात तांब्याची मऊ तार एकाच जागी चारपाच वेळा वाकवायला सांगावी. दर खेपेस ती जास्त ताठ लागते, हे मुलांच्या बोटांनाच कळेल.

उष्णतेचा अडथळा थंडीने जातो. खोटीचा अडथळा मात्र कितीही थंड केले तरी जात नाही, तो तेवढाच्या तेवढा शिल्लक राहतो. १८६४ साली मॅथिसन या रसायनज्ञाने ही गोष्ट मोजून मांडली आणि त्याच्या नावाचा नियमच झाला. खोट किती थोडी पुरते पाहा. शुद्ध तांब्यात शेकडा एक निकेल गेले तर नेहमीच्या हवेतसुद्धा त्याचा रोध पावणेदोनपटीच्या आसपास होतो. म्हणूनच पदार्थ किती निर्मळ आहे हे पाहण्याची शास्त्रज्ञांची एक सोपी रीत आहे. घरच्या हवेतला रोध घ्यायचा आणि त्याला अतिथंड स्थितीतल्या रोधाने भागायचे. भागाकार जितका मोठा तितका स्फटिक निर्मळ. साध्या तांब्याच्या तारेत हा आकडा काही दहांचा येतो, अगदी निवडक तांब्यात हजारांच्या घरात जातो. सराफाच्या कसोटीसारखा हा आकडा पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

अतिथंड म्हणजे किती, तेही सांगून टाकू. जगात जिच्यापेक्षा अधिक थंडी असूच शकत नाही, ती बर्फाच्या खाली २७३ अंशांवर आहे. तिला केवल शून्य म्हणतात, आणि तिथून वर मोजलेल्या अंशांना केल्विन. हॉलंडमध्ये लायडन येथे कामरलिंग ओनेस यांनी १९०८ साली हेलियम वायूचे पाणी केले आणि चार केल्विनपर्यंतची थंडी माणसाच्या हाती आली. त्यांनी प्रथम प्लॅटिनम आणि सोने थंड करून पाहिले. रोध उतरला, पण खोटीपुरता शिल्लक राहिला. अधिक निर्मळ धातू हवा म्हणून त्यांनी पारा घेतला, कारण पारा पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून हवा तितका शुद्ध करता येतो. १९११ साली त्या पाऱ्याचा रोध चार केल्विनच्या जवळ एकाएकी नाहीसाच झाला. अतिसंवाहकतेचा शोध लागला तो असा, निर्मळपणाच्या मागे लागल्यामुळे.

यानंतर त्याच लायडनमध्ये १९३४ च्या सुमारास एक विचित्र गोष्ट दिसली. सोन्याची तार थंड करत गेले असता रोध उतरला, एका जागी टेकला आणि पुढे थंडी वाढवली तसा उलट वर चढू लागला. थंडीने अडथळा वाढतो कसा? जवळजवळ तीस वर्षे कुणाला उलगडा होईना. १९६४ साली जपानचे जुन कोंदो यांनी तो केला. त्या सोन्यात लाखात काही अणू लोखंडासारख्या चुंबकी धातूचे राहून गेलेले असत. साधा परका अणू वाटेत पडलेल्या दगडासारखा असतो. चुंबकी अणू मात्र दगडासारखा स्वस्थ बसत नाही. जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला तो धरतो, फिरवतो, त्याच्याशी देवघेव करतो, आणि थंडी वाढेल तशी त्याची ही पकड घट्ट होत जाते. शेवटी आसपासचे इलेक्ट्रॉन त्याच्याभोवती जमून त्याचे चुंबकत्व झाकून टाकतात आणि तो निवतो. पण निवला तरी वाटेतला अडथळा म्हणून तो पुरेपूर राहतोच.

आता मनात असा प्रश्न आणा. लाखात चार चुंबकी अणू असले तर एवढा गोंधळ. मग धातूच्या प्रत्येक घरात एकेक चुंबकी अणू बसवला तर काय होईल? रोध आकाशाला भिडेल, असेच कुणीही म्हणेल. निसर्गाने उत्तर वेगळे दिले, आणि ते सीरियमने दिले.

१९७५ साली आंद्रेस, ग्रेबनर आणि ओट या तिघांनी सीरियम आणि ॲल्युमिनियम यांचे एक संयुग तपासले. त्यात एका सीरियमला तीन ॲल्युमिनियम असतात, आणि प्रत्येक सीरियम हा एक चुंबक. थंड करताना रोध आधी चढला, काही अंशांवर शिगेला पोहोचला, आणि मग घसरत घसरत पार खाली आला. अगदी थंडीत हा पदार्थ एखाद्या चांगल्या धातूसारखा वागू लागला. फक्त एक गोष्ट निराळी होती. त्याला एक अंश तापवायला इलेक्ट्रॉनांना जी उष्णता द्यावी लागे, ती तांब्याच्या मानाने दोन हजारपटींहून अधिक होती. जणू आतले इलेक्ट्रॉन हजार-दोन हजारपट जड झाले होते. अशा पदार्थांना पुढे जड फर्मिऑन पदार्थ असे नाव पडले. फर्मिऑन हे इलेक्ट्रॉनाच्या जातीचे नाव, इटलीच्या एन्रिको फर्मी यांच्यावरून आलेले.

रोध खाली का आला? इथे शाळेतल्या लेझमीची आठवण करा. मैदानावर एकच मुलगा लेझीम खेळत उभा असला तर त्याच्या जवळून जाणाराला तो अडचणच. पण शंभर मुले सरळ रांगांत, सारख्या अंतरावर, एका तालावर खेळत असतील तर त्यांच्या मधून त्याच तालावर पावले टाकीत सहज जाता येते. सीरियमचे अणू स्फटिकात नेमक्या अंतरावर असतात. प्रत्येक अणू इलेक्ट्रॉनाची लाट अडवतो खरा, पण सगळे एकाच तऱ्हेने आणि एकाच तालात अडवतात, त्यामुळे लाटा एकमेकींत मिळून जातात आणि मार्ग मोकळा होतो. त्या तालात चालायचे म्हणजे इलेक्ट्रॉनाला प्रत्येक सीरियमपाशी रेंगाळावे लागते. त्याचे जडपण ते हेच. त्याचे वजन काट्यावर वाढलेले नसते, चाल मात्र जडशीळ झालेली असते.

आणि आता खोट. लेझमीच्या रांगेतून एक मुलगा घरी गेला तर काय होते? त्याची जागा रिकामी, शेजाऱ्यांचा हात चुकतो, ताल त्या जागी मोडतो. सीरियमच्या एका अणूच्या जागी लँथॅनमचा अणू बसवला तर तसेच होते. लँथॅनम सीरियमचा अगदी सख्खा शेजारी, आकाराने जवळपास तेवढाच, पण त्याच्या पोटात तो चुंबकी इलेक्ट्रॉन नसतो. तांब्यात असा गरीब अणू पडला असता तर फारसे बिघडले नसते. इथे मात्र तो फार मोठा अडथळा होतो, कारण चुंबकांच्या गावात चुंबक नसणे हीच खोट ठरते. याला कोंदो-पोकळी असे म्हणतात. जपानी शास्त्रज्ञांनी १९८६ च्या सुमारास सीरियम, लँथॅनम आणि तांबे यांचे स्फटिक निरनिराळ्या प्रमाणांत करून हे पायरीपायरीने दाखवले. लँथॅनमच्या गावात थोडे सीरियम घाला, रोध थंडीत चढतच राहतो. सगळे सीरियम असू द्या, तो चढून उतरतो. सगळ्या सीरियममध्ये थोडे लँथॅनम घाला, उतरणे अर्धवट राहते आणि शिल्लक रोध वर चढतो. मला स्वतःला या सगळ्या विषयात ही मोजमापे सर्वांत सुंदर वाटतात, कारण एकाच आलेखात एकटा आणि समुदाय यांतला फरक डोळ्यांना दिसतो.

येथे एका गैरसमजाबद्दल बोलले पाहिजे. जड इलेक्ट्रॉन हळू चालणार, म्हणून खोटीमुळे होणारा त्याचा रोधही जास्त असणार, असे वाटते आणि कुठे कुठे लिहिलेलेही आढळते. ते तसे नाही. खोटी दर किती अंतरावर आहेत त्यावर एका धडकेपासून दुसऱ्या धडकेपर्यंतचे अंतर ठरते. भरलेली बैलगाडी असो की रिकामी, रस्त्यातले खड्डे तेवढेच. इलेक्ट्रॉन हजारपट जड झाला, म्हणजे त्याला ते अंतर तोडायला हजारपट वेळ लागतो. रोधाच्या हिशोबात जडपणाला त्या वेळाने भागायचे असते, तेव्हा हजाराने हजार कटतात. जडपणाचा खरा भार दिसतो तो इलेक्ट्रॉन एकमेकांवर आदळतात तेव्हा. थोडेसे तापवताच अशा पदार्थांचा रोध साध्या धातूच्या मानाने कितीतरी वेगाने वाढतो. खोटीचा रोध आणि जडपणाचा रोध हे दोन्ही वेगळे काढता येतात, आणि ते वेगळे काढता आले म्हणूनच ही विद्या पुढे गेली.

आता या खोटीने माणसांना कसे चकवले ते ऐका. १९७५ सालीच बुखर आणि त्यांचे सहकारी युरेनियम आणि बेरिलियम यांचे एक संयुग तपासत होते. एका केल्विनच्या किंचित खाली ते अतिसंवाहक झालेले दिसले. परंतु चुंबकी अणू हे अतिसंवाहकतेचे वैरी, हा त्या काळचा पक्का समज होता, आणि साध्या अतिसंवाहकांत तो खराही आहे. तेव्हा त्यांनी असा निष्कर्ष काढला की हा गुण संयुगाचा नव्हे, त्यात शुद्ध युरेनियमचे बारीक धागे राहून गेले असतील त्यांचा आहे. आठ वर्षांनी, १९८३ मध्ये, ओट, फिस्क, स्मिथ वगैरे मंडळींनी तोच पदार्थ पुन्हा घेतला, उष्णतेचे मोजमाप केले आणि दाखवून दिले की सबंध पदार्थच अतिसंवाहक आहे. धागे नव्हतेच. संशय घेणे हे शास्त्रज्ञाचे कामच आहे, त्याबद्दल बुखर यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही; पण उष्णतेचे ते एक मोजमाप आधी झाले असते तर इतिहास चार वर्षे अलीकडे आला असता.

चार वर्षे म्हणतो, कारण दरम्यान १९७९ साली जर्मनीत डार्मस्टाट येथे फ्रँक स्टेग्लिख यांनी सीरियम, तांबे आणि सिलिकॉन यांच्या संयुगात अर्ध्या केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता सापडल्याचे जाहीर केले होते. सीरियमच्या जागी सगळे लँथॅनम घातले तर ती मिळत नाही, हेही त्यांनी दाखवले. म्हणजे ज्या चुंबकांना वैरी समजत होतो, त्यांच्याच जोरावर ती उभी होती. लोकांचा विश्वास बसेना, आणि अविश्वासाला कारणही होते. दुसऱ्यांनी तोच पदार्थ केला तर कधी अतिसंवाहकता येई, कधी येत नसे. नमुने ओबडधोबड असताना ती दिसे, आणि सुरुवातीचे एकसंध सुबक स्फटिक केले तर ती नाहीशी होई. शोध खोटा आहे असे म्हणायला आणखी काय हवे?

उलगडा व्हायला पाच वर्षे लागली. रस वितळवताना तांबे थोडे कमी पडले तर स्फटिकात तांब्याच्या काही जागा चुकतात, आणि तेवढ्याने पदार्थ अतिसंवाहक होण्याऐवजी निराळ्याच चुंबकी अवस्थेत जातो. वाजवीपेक्षा थोडे जास्त तांबे घालून वाढवलेल्या स्फटिकांत १९८४ साली अतिसंवाहकता ठणठणीत दिसली. फरक शेकडा एखाद-दुसऱ्या भागाचा. तांब्याच्या जागी शेकडा एकाच्या आसपास ऱ्होडियम किंवा पॅलेडियम घातले तरी ती जाते. गॅसबत्तीच्या जाळीत जे प्रमाण उजेड पाडते, तेच इथे दिवा मालवते.

म्हणून या क्षेत्रात स्फटिक वाढवणाराला फार मान आहे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीरियमच्या संयुगांचे स्फटिक वाढवतात. विजेच्या ठिणगीने तापवलेल्या भट्टीत धातूंचा रस करायचा, त्यात बी म्हणून स्फटिकाचा एक तुकडा टेकवायचा, आणि तो फिरवत फिरवत इतका हळू वर ओढायचा की रसातले अणू आपापली जागा धरत वर येतील. घाई केली की खोट राहिलीच.

अलीकडची एक हकीकत सांगतो. २०१९ साली युरेनियम आणि टेल्युरियम यांच्या संयुगात १.६ केल्विनवर अतिसंवाहकता असल्याचे प्रसिद्ध झाले. ती काही अगदी निराळ्या जातीची असावी, अशी चिन्हे दिसत होती. पुष्कळ नमुन्यांत अतिसंवाहकता एका पायरीने न येता लागोपाठ दोन पायऱ्यांनी येई. दोन पायऱ्या म्हणजे आत दोन तऱ्हेच्या अवस्था एकत्र आहेत, असा अर्थ लावून मोठमोठे सिद्धांत मांडले गेले. हे स्फटिक आयोडिनच्या वाफेतून वाढवलेले होते. २०२२ साली जपानमधल्या शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. आपले साधे मीठ आणि त्याचे भावंड पोटॅशियम क्लोराइड सारख्या भागाने घेऊन त्यांनी ते वितळवले, आणि त्या खारट रसात हे स्फटिक वाढवले. मघाशी सांगितलेला कसोटीचा भागाकार, जो आधी काही दहांचा येत असे, तो आता हजारापर्यंत गेला. अतिसंवाहकता १.६ ऐवजी २.१ केल्विनवर येऊ लागली, आणि दोन पायऱ्यांच्या जागी एकच स्वच्छ पायरी दिसली. जुन्या स्फटिकांत युरेनियमच्या काही जागा रिकाम्या राहत होत्या. त्या जास्त झाल्या तर अतिसंवाहकता अजिबात येत नाही, हेही त्याच सुमारास दिसून आले. दोन पायऱ्यांवर उभारलेल्या सिद्धांतांचा पाया त्यामुळे खचला. पदार्थ निराळ्या जातीचा नाही, असे मात्र यावरून ठरत नाही. तो प्रश्न आता निर्मळ स्फटिकांवर नव्याने विचारला जात आहे.

खोट टाळायची, हे एवढा वेळ ऐकले. पण ती मुद्दाम घालूनही काम साधते. २०१७ साली स्टेग्लिख यांच्याच त्या जुन्या संयुगावर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चांगला स्फटिक घेऊन त्यावर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा केला. माऱ्याने अणू जागचे हलतात आणि स्फटिकभर सारख्या विरळ अशा रिकाम्या जागा पडतात, परका अणू मात्र एकही आत येत नाही. किती मारा केला यावरून किती खोट घातली याचा अदमास येतो. रोध अपेक्षेप्रमाणे वाढला. अतिसंवाहकता मात्र पुष्कळांनी धरले होते तितकी खालावली नाही. ती अगदी नाजूक जातीची असावी, हे अनेक वर्षांचे मत त्यामुळे पुन्हा तपासावे लागले. मग शेकडा एक ऱ्होडियमने ती का जाते? परका अणू केवळ वाट अडवत नाही, तो आसपासच्या इलेक्ट्रॉनांची संख्या आणि सीरियमचे वागणेही बदलतो, असे एक उत्तर दिले जाते. ते सर्वांना मान्य झालेले नाही, आणि मारा केलेल्या व परके अणू घातलेल्या स्फटिकांची मोजमापे शेजारी ठेवून वाद अजून चालू आहे.